ताडीचा फेस काय सांगतो आणि काय लपवतो

जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्ली परिसरातील दुकानांत ताडी प्यायलेल्या अनेकांना उलट्या, जुलाब आणि ग्लानी सुरू झाली. कित्येकांचा रक्तदाब घसरला, काहींच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला आणि काहींना प्राण गमवावे लागले. ताडीच्या तपासणीत अल्प्राझोलम हे गुंगी आणणारे औषध आढळले. तेलंगणात भेसळयुक्त ताडीची बातमी नवी नाही. परंतु या घटनेने एक जुनाच प्रश्न पुन्हा पुढे आणला. समोर ठेवलेले पेय निसर्गक्रमाने आंबले आहे की नाही, हे पिणाऱ्याने ओळखावे कसे?

गोव्यातील वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. माडावर चढून सूर उतरवणारा रेंदेर, त्या सुरावर पिठाचा गोळा फुगवणारा जुन्या काळचा पोदेर आणि कोळंबीत तुडवलेल्या बोंडूंचा रस आंबायला ठेवून त्याच्यावर नजर ठेवणारा भट्टीवाला, या तिघांचाही व्यवसाय याच एका निर्णयावर उभा होता. फरक इतकाच, की तिथे ओळखणारा माणूस आणि झाड यांच्यात अंतर नव्हते. हैदराबादसारख्या महानगरात ते अंतर कित्येक किलोमीटरचे असते.

मडक्यात नेमके काय घडते

तेलंगणात ताडी मुख्यतः दोन झाडांपासून मिळते. एक ताड, दुसरे शिंदी. तेलुगूत दोन्हींपासून मिळणाऱ्या पेयाला ‘कल्लु’ म्हणतात आणि ते विकण्याच्या आवारांना हैदराबादच्या बोलीत ‘कल्लू कंपाउंड’ हे नाव आहे. ताडाच्या फुलोऱ्याला किंवा शिंदीच्या शेंड्याजवळच्या खोडाला छेद देऊन खाली मडके बांधले जाते आणि त्यात रस ठिबकत राहतो. पिढ्यान्‌पिढ्या हे काम प्रामुख्याने गौड समाज करीत आला आहे.

हा रस बाहेर येतो तेव्हा जवळजवळ पारदर्शक आणि गोड असतो. त्यात साधारण दहा ते पंधरा टक्के साखर असते आणि ती बहुतांश आपल्या नेहमीच्या उसाच्या साखरेच्याच जातीची. त्याची आम्लता पाण्यासारखी, म्हणजे जवळपास नसल्यासारखीच. पण तो मडक्यात पडतो त्या क्षणापासून बदलू लागतो. मडक्याच्या सच्छिद्र भिंतीत आदल्या दिवशीचे यीस्ट दडलेले असते, हवेतून आणि कीटकांच्या पायांवरून आणखी जंतू येतात, आणि कोणीही विरजण न लावता आंबणे सुरू होते. यीस्टबरोबर ‘झायमोमोनास’ नावाचा जिवाणूही साखरेचे मद्यार्क करतो. दुधाचे दही करणाऱ्यांच्या कुळातील जिवाणू आंबटपणा आणतात. त्यांपैकी काही रसाला किंचित बुळबुळीतपणाही देतात. ताडीचा दुधासारखा पांढरा रंग हा झाडाचा नव्हे. रसात तरंगणाऱ्या अब्जावधी यीस्टपेशींचा आणि जिवाणूंचा तो रंग आहे. म्हणून पांढरेपणा हे खऱ्या आंबण्याचे एक लक्षण खरे, पण त्याची नक्कल करणे फार अवघड नाही.

यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर टाकते. हिशेब सरळ आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून अधिकात अधिक ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम वायू निर्माण होतो, म्हणजे साखरेच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग हवेत निघून जातो. मडक्यावर जो फेस दिसतो तो याच वायूचा.

घड्याळ थांबत नाही

ताडी ओळखण्याची खरी किल्ली तिच्या रंगात वा फेसात नाही. ती तिच्या काळात आहे. पहाटे उतरवलेली ताडी सकाळी गोड लागते, दुपारपर्यंत गोडी आणि आंबटपणा यांचा तोल साधते, संध्याकाळी स्पष्ट आंबट होते आणि दुसऱ्या दिवशी शिरक्याच्या वाटेला लागते. काही तासांतच रसाचा सामू सातच्या आसपासून चारच्या आसपास घसरतो आणि मद्यार्काचे प्रमाण चार ते सहा टक्क्यांवर पोचते. पुढे हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या मद्यार्काचेच शिरक्याच्या आम्लात रूपांतर करू लागतात. गोव्यातील घराघरांत माडाच्या सुराचा जो शिरका वापरला जातो, तो याच प्रवासाचा शेवटचा टप्पा आहे. तिथे तो हवाहवासा असतो, ताडीच्या पेल्यात नको असतो.

हैदराबादच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, हा प्रवास आणखी वेगाने होतो. थंडीत तो रेंगाळतो. त्यामुळे ‘ताडी इतक्या वाजता चांगली’ असा कायमचा नियम सांगता येत नाही. सांगता येते ते एवढेच, की खरी ताडी स्थिर राहत नाही. सकाळी जशी होती तशीच रात्री असलेली, दुसऱ्या दिवशीही तितकीच गोड असलेली ताडी हा चमत्कार नसून संशयाचा मुद्दा आहे. सॅकरिनची गोडी यीस्टला पचत नाही. त्यामुळे साखर संपून गेल्यावरही ती जिभेवर तशीच रेंगाळते. पेलाभर ताडी झाकून बारा-पंधरा तास ठेवली आणि तिने आपला स्वभाव बदलला नाही, तर तिच्यात झाडाबाहेरचे काही असण्याची शक्यता बळावते.

फेस, आवाज आणि वास

अनुभवी माणसे मडक्याला कान लावतात. आंबणे जोरात असेल तर आतून बारीक सळसळ ऐकू येते. फेस बारीक, पांढरा आणि चिवट असतो, तो बाजूला सारला तरी थोड्या वेळात पुन्हा धरतो. वास यीस्टचा, किंचित फळांसारखा, किंचित आंबूस. कुबट किंवा सडका वास आला, पृष्ठभागावर लोकरीसारखी रंगीत बुरशी दिसली, तर तिथे भलत्याच जंतूंनी ताबा घेतलेला असतो. मात्र पातळ पांढरा पापुद्रा म्हणजे बुरशीच असे नव्हे. हवेच्या संपर्कात वाढणाऱ्या काही यीस्टजाती असा पापुद्रा धरतात. घरी लोणच्याच्या पाण्यावर तो अनेकांनी पाहिलेला असतो.

या लक्षणांचा अर्थ लावताना घाई करू नये, हे बिअर बनवणाऱ्यांचा अनुभव अधिक नेमकेपणे सांगतो. बिअरमध्ये माल्टचा उकळलेला गोड रस थंड करून त्यात मोजून यीस्ट घालतात. यीस्ट घातल्यानंतर पहिले बारा ते चोवीस तास, क्वचित त्याहून अधिक काळ, वरवर काहीच होत नाही. नवशिका या शांततेने घाबरतो. प्रत्यक्षात त्या काळात यीस्ट आपली संख्या वाढवत असते. नंतर फेसाचा जाड थर चढतो, त्यावर तपकिरी, कडवट, चिकट साय येते आणि दोन-तीन दिवसांत तो थर खाली बसतो. हेही सगळे ठीकच असते. काही यीस्टजाती थंडीत काम करताना सडक्या अंड्यांसारखा गंधकाचा वास सोडतात. तोही पुढे विरतो. भांड्याच्या झाकणावर वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी जी पाण्याची नळी बसवतात, तिच्यातून बुडबुडे येत नाहीत म्हणून आंबणे थांबले असेही समजू नये. झाकण नीट बसले नसेल तर वायू दुसऱ्या फटीतून निघून जातो. उलट खोली तापली की आधी विरघळलेला वायूच बाहेर पडून बुडबुडे येतात आणि आंबणे संपलेले असूनही चालू असल्याचा भास होतो.

मग बिअरवाले कशावर विश्वास ठेवतात? घनतेवर. साखर विरघळलेला रस पाण्यापेक्षा जड असतो. साखर संपत जाते आणि पाण्याहून हलके मद्यार्क वाढते तसा तो हलका होतो. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी रसात तरंगत ठेवली की ती किती बुडते त्यावरून हे कळते. साध्या बिअरच्या रसाची घनता सुरुवातीला पाण्याच्या तुलनेत १.०५० च्या आसपास असते आणि आंबणे पुरे झाल्यावर १.०१० च्या आसपास येते. सलग दोन-तीन दिवस आकडा हलला नाही तर आंबणे संपले असे धरतात. तो हलत असतानाच बाटल्या भरून बुचे घट्ट लावली तर वायू कोंडून बाटल्या फुटतात, काचा उडतात. छंदापायी झालेल्या जखमांत याचा वाटा मोठा आहे. गोव्याच्या भट्टीवरही ऊर्ध्वपातनानंतर हुर्राक आणि फेणीचा जोर याच तत्त्वाच्या उपकरणाने मोजतात आणि त्याचे ‘ग्राव’ जाणकारांच्या तोंडी असतात. तिथे मोजणी मद्याची, इथे आंबत्या रसाची, एवढाच भेद. (घरच्या घरी बिअर बनवण्याचे कुतूहल शहरांत वाढते आहे. मद्यनिर्मिती मात्र दोन्ही राज्यांत अबकारी परवान्याच्या चौकटीतच येते, हे ध्यानात ठेवलेले बरे.)

डोळ्यांना सारखे दिसणारे दोन रस आतून वेगळे असू शकतात, हे पहिल्यांदा पद्धतशीर दाखवले ते लुई पाश्चरने. १८५६ मध्ये फ्रान्समधील लील शहरातील एका बीटमद्याच्या कारखानदाराच्या काही टाक्या बिघडून आंबट होत होत्या. पाश्चरने सूक्ष्मदर्शकाखाली नमुने ठेवले तेव्हा चांगल्या टाकीतील यीस्ट गोलसर, टपोरे दिसले. आंबट टाकीत त्यांच्या जोडीला दुसरेच बारीक, लांबट जीव आढळले. फेस दोन्हीकडे होता. पुढे १८७६ मध्ये त्याने बिअरच्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. ताडीच्या बाबतीत मात्र गोष्ट थोडी निराळी पडते, कारण इथे ‘दुसरे जीव’ बिघाडाचे नसून चवीचेच भाग आहेत. बिअरचा कारखाना एकाच यीस्टचे राज्य चालवतो, ताडीचे मडके हे गावच्या जत्रेसारखे असते.

नशेची कमाल मर्यादा

आता त्या साखरेच्या हिशेबाकडे पुन्हा वळू, कारण भेसळ ओळखण्याचे सर्वांत भक्कम साधन तेच आहे. शंभर ग्रॅम रसात बारा ग्रॅम साखर धरली, तर तिच्यातील कणन्‌कण मद्यार्कात बदलला तरी घनफळाने नऊ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. प्रत्यक्षात काही साखर जिवाणू खातात, काही मद्यार्क शिरक्याकडे वळते, काही उडून जाते, त्यामुळे पेल्यात चार ते सहा टक्केच उरतात. म्हणजे ताडी ही जोराच्या दृष्टीने बिअरची बहीण आहे, फेणीची नव्हे. एका-दोन पेल्यांत माणूस लोळू लागला, बोलता बोलता झोपी गेला, त्याला जागे करणे कठीण झाले, तर ती करामत झाडाची असू शकत नाही. झाडाकडे तेवढी साखरच नसते.

‘कडक’ ताडी म्हणजे उत्तम ताडी, असा समज हैदराबादेतच नव्हे तर सर्वत्र आहे. तो नेमका उलटा आहे.

झाडे दूर, गिऱ्हाईक जवळ

हा समज बाजाराने कसा वापरला, हे समजून घ्यायचे तर ताडी आणि हैदराबाद यांच्या नात्याकडे पाहावे लागते. निजामाच्या राजवटीत शिंदी आणि ताडीवरील अबकारी कर हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. मराठवाडा तेव्हा त्याच राज्याचा भाग होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी जंगल सत्याग्रहाच्या जोडीने शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला, तो केवळ दारूबंदीच्या विचाराने नव्हे. झाड तोडले की निजामाचा महसूल तुटतो, हे गावोगावच्या माणसाला समजत होते. एखाद्या झाडावर कुऱ्हाड चालवून राज्यसत्तेच्या तिजोरीला धक्का देण्याची अशी उदाहरणे इतिहासात थोडीच सापडतील.

झाडांची पुढची तोड चळवळीने नव्हे तर शहराच्या वाढीने केली. हैदराबादच्या भोवतीची ताडाची, शिंदीची बने वसाहतींखाली गेली. काही वर्षे शहरातील ताडीची दुकाने बंदच होती. तेलंगण राज्य स्थापन झाल्यावर २०१४ मध्ये ती पुन्हा उघडली. गिऱ्हाईक परतले, झाडे मात्र परतली नाहीत. ताडी आता दुरून आणावी लागते, आणि वर सांगितलेले घड्याळ गाडीतही चालूच असते. पहाटे उतरवलेली ताडी शहरात पोचून विकली जाईपर्यंत तिची गोडी ओसरलेली, आंबटपणा चढलेला. शिवाय झाड दिवसाला ठरावीकच रस देते, मागणी मात्र संध्याकाळी आणि सणावाराला उसळते. या दोन्ही अडचणींवर भामट्यांनी उपाय काढले. गेलेली गोडी सॅकरिनने परत आणायची, पाणी घालून प्रमाण वाढवायचे आणि पाण्याने उतरलेला जोर गुंगीच्या औषधाने भरून काढायचा. पूर्वी क्लोरल हायड्रेट वापरले जाई, पुढे डायझेपाम आणि अल्प्राझोलम आले. प्रत्येक भेसळ ही आंबण्याच्या कोणत्या तरी नैसर्गिक लक्षणाची खोटी प्रत आहे.

अल्प्राझोलम हे चिंता आणि भीतीच्या विकारांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली अत्यल्प मात्रेत द्यायचे औषध आहे. मद्यार्काबरोबर ते पोटात गेले की दोघांची गुंगी एकमेकांना वाढवते, श्वास मंदावतो. दुकानदार हाताच्या अंदाजाने पूड मिसळतो तेव्हा एका पेल्यात किती गेली याचा हिशेब कोणाजवळ नसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सिकंदराबादच्या बोवेनपल्ली भागात चक्क एका शाळेच्या इमारतीत अल्प्राझोलम तयार करण्याचा अड्डा पोलिसांना सापडला आणि तेथील माल ताडीच्या दुकानांकडे जात असल्याचे त्यांनी सांगितले. यावरून या व्यापाराचा पसारा ध्यानात यावा.

त्याहून बोलका प्रसंग २०१५ च्या सप्टेंबरातला. तेलंगणातील निजामाबाद, महबूबनगर आदी जिल्ह्यांत भेसळीविरुद्ध कारवाई होऊन तशी ताडी अचानक मिळेनाशी झाली. त्यासरशी शेकडो माणसे रुग्णालयांत येऊ लागली. कोणाला थरथर, कोणाला झटके, कोणाला भ्रम. काहींचे मृत्यूही झाले. जे पीत होते ते ताडीचे व्यसनी असल्याचे त्यांना स्वतःलाही वाटत होते. शरीराला सवय लागली होती ती औषधाची. दिवसाला पेला-दोन पेले निर्भेळ ताडी घेणाऱ्याची ताडी एकाएकी बंद झाली म्हणून गावेच्या गावे अशी कोलमडत नाहीत.

आंबूच न देण्याची कला

या साऱ्याच्या दुसऱ्या टोकाला नीरा आहे. मडक्याला आतून चुना लावला की रसाची आम्लता उलट्या बाजूला झुकते, यीस्टला आणि जिवाणूंना ते मानवत नाही आणि आंबणे लांबते. मग रस तातडीने गाळून थंड करावा लागतो आणि पेल्यात येईपर्यंत पाच अंशांच्या आतबाहेर ठेवावा लागतो. ही साखळी कुठे तुटली तर नीरेची ताडी व्हायला वेळ लागत नाही. हुसेनसागराच्या काठी नेकलेस रोडवर २०२३ च्या मे महिन्यात तेलंगण सरकारने नीरा कॅफे सुरू केले, ते याच साखळीच्या भरवशावर. गोव्यात काजूच्या बोंडूंच्या न आंबलेल्या रसाला निरो म्हणतात. नावातले हे साम्य चवीत उतरत नसले तरी दोन्हींवरची कसरत एकच आहे.

निर्भेळ ताडी देणारे अजूनही तेलंगणाच्या खेड्यांत आहेत, आणि भेसळीच्या बातम्यांचा सर्वांत मोठा फटका त्यांनाच बसतो. कमरेला दोर बांधून पन्नास-साठ फूट चढणारा माणूस पहाटेची ताडी झाडाखालीच देतो, तेव्हा ती ओळखण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. मडके नुकतेच उतरलेले असते, फेस चढता असतो, गोडी खरी असते.

शहरात ते शक्य नसते. वास, फेस, चव यांवरून ताडी शिळी आहे की ताजी, जास्त आंबली आहे की कमी, हे सांगता येते. तिच्यात अल्प्राझोलम आहे की नाही, हे कोणत्याही जिभेला सांगता येत नाही, ते काम प्रयोगशाळेचे. त्यामुळे ताडी घेतल्यानंतर प्रमाणाबाहेर ग्लानी, अडखळते बोलणे, तोल जाणे, वारंवार उलट्या, लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले तर ‘चढली असेल, झोपला की उतरेल’ असे म्हणून थांबू नये. माणसाला कुशीवर वळवून, एकटे न सोडता थेट रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांना ताडी घेतल्याचे स्पष्ट सांगावे. पेल्यात वा बाटलीत जे काही उरले असेल ते ओतून न देता झाकून सोबत घ्यावे. बाटलीचे बूच मात्र किंचित सैल ठेवावे, कारण आत खरी ताडी असेल तर ती अजून आंबतच असते.